देपोकची जमीन

जकार्ता आणि बोगोर या दोन नगरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर देपोक नावाचे शहर लागते. पहाटे, पुरते उजाडण्यापूर्वीच, येथील फलाट माणसांनी भरून जातात. कचेऱ्यांत, दुकानांत आणि बांधकामांवर राबणारी ही माणसे विजेच्या गाडीने उत्तरेकडे जकार्त्याला जातात आणि दिवेलागणीनंतर त्याच गाडीने परततात. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या वीस लाखांहून अधिक भरली. त्याआधी दहा वर्षे ती सतरा लाखांच्या घरात होती, आणि अर्ध्या शतकापूर्वी येथे भातखाचरे, फळबागा, रबराची झाडी आणि त्यांत विखुरलेली खेडी यांपलीकडे फारसे काही नव्हते. महानगराच्या सावलीत वाढणाऱ्या उपनगराची ही कहाणी आशिया खंडात अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने आढळेल. परंतु ज्या भूमीचा आज चौरस मीटरागणिक भाव होतो, तीच भूमी तीनशे वर्षांपूर्वी तिच्या मालकाने मृत्युपत्र करून आपल्या मुक्त केलेल्या गुलामांच्या स्वाधीन करावी, आणि ती त्यांच्या वंशजांकडे अखंड राहावी, परक्याला विकली जाऊ नये अशी आज्ञा लिहून ठेवावी, हा योग मात्र देपोकच्याच वाट्याला आला आहे. दस्तात नाव कोणाचे आणि जमिनीवर चूल कोणाची, हे दोन प्रश्न या शहराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहिले, आणि प्रत्येक काळाने त्यांची उत्तरे आपापल्या परीने दिली.

तो इतिहास सांगण्यापूर्वी तेथील दस्तांच्या भाषेकडे क्षणभर वळले पाहिजे, कारण मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. जमिनीवरील सर्वांत भक्कम आणि वंशपरंपरागत अधिकाराला इंडोनेशियात ‘हाक मिलिक’ म्हणतात. त्यातला पहिला शब्द आपला ‘हक्क’ आणि दुसरा आपल्या जुन्या कागदांतील ‘मिल्कियती’चा सख्खा भाऊ. वारसाला ते ‘वारिस’ म्हणतात आणि मृत्युपत्राला ‘वासियत’. अरबी शब्दांचा हा थर इस्लामबरोबर आला; त्याच्याखाली त्याहून जुना संस्कृताचा थर आहे. किमतीला तेथे ‘हार्गा’ म्हणतात, तो आपला ‘अर्घ’. दस्तावर सही करणारा ‘साक्सी’ म्हणजे साक्षी. भाड्याला ‘सेवा’ म्हणतात आणि खेड्याला ‘देसा’. नव्या वसाहतींची नावे वाचू लागलो तर ‘ग्रिया’, ‘ग्राहा’, ‘बुमी’, ‘पुरी’, ‘विस्मा’ असे शब्द पावलोपावली भेटतात, आणि त्यांच्या मुळाशी गृह, भूमी, पुरी, वेश्म हीच आपली ओळखीची कुळे आहेत. ‘देपोक’ या नावाचाही संबंध ‘पादेपोकान’ या शब्दाशी, म्हणजे साधकांच्या आश्रमाशी, जोडला जातो. ज्या भूमीच्या नावातच विरक्तीची छाया आहे, ती पुढे मालमत्तेच्या व्यवहाराचे एक मोठे केंद्र व्हावी, हे काळाचे कर्तृत्व होय.

१६१९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, हे नगर वसविले. आपल्याकडे वेंगुर्ल्यास जिची वखार होती आणि जिच्या पडक्या भिंती आजही दिसतात, तीच ही कंपनी. प्रथम नगर तटबंदीच्या आत होते आणि भोवतीचा मुलूख धोक्याचा मानला जाई. मातारामच्या सुलतानाच्या फौजांनी १६२८ आणि १६२९ अशी दोन वर्षे नगराला वेढा घातला होता, आणि पश्चिमेला बांतेनचे राज्य होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही भीती ओसरली, तेव्हा कंपनीने नगराच्या दक्षिणेचा प्रदेश आपल्या मर्जीतल्या अधिकाऱ्यांना आणि धनिकांना देण्यास व विकण्यास प्रारंभ केला. यांतून ज्या जमीनदाऱ्या उत्पन्न झाल्या त्यांना पुढे ‘खासगी जमिनी’, तेथील बोलीत ‘तानाह पार्तिकेलिर’, असे नाव पडले.

या जमीनदाऱ्यांचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. विकत घेणाऱ्याला केवळ माती मिळत नसे. मातीबरोबर तिच्यावरील माणसांवरचा अंमलही मिळे. गावचा मुखिया नेमणे, पिकाचा हिस्सा घेणे, वर्षातून ठरावीक दिवस वेठीने काम करून घेणे, हे सारे अधिकार ‘तुआन तानाह’कडे, म्हणजे भूस्वामीकडे असत. १८३६ च्या नियमाने पिकाचा हिस्सा पंचमांशावर बांधून दिला, तरी नियम आणि वहिवाट यांच्यामध्ये मुकादम आणि कारकून उभे असत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गव्हर्नर जनरल डान्डेल्स आणि त्यानंतर इंग्रजांचा रॅफल्स या दोघांनीही तिजोरी भरण्यासाठी आणखी जमिनी विकल्या, आणि बटाव्हियाच्या परिसरातील शेतकरी सरकारची रयत न राहता खासगी धन्याचे कूळ झाला. चिओमास येथे १८८६ मध्ये, चोंदेत येथे १९१६ मध्ये आणि तांगेरांग येथे १९२४ मध्ये जे उठाव झाले, ते याच व्यवस्थेच्या पोटात साठलेल्या संतापाचे स्फोट होत. आज ही तिन्ही स्थळे जकार्ता महानगराच्या परिसरात येतात आणि तेथे घरांचे व्यवहार रोज होतात. मालक बटाव्हियाच्या हवेलीत, आणि चूल पेटवणारा शिवारात: पहिल्या युगाचे उत्तर हे असे होते.

या सर्वसाधारण चित्रात कोर्नेलिस शास्तेलेन याचे वर्तन उठून दिसते. १६५७ मध्ये आम्स्टरडाम येथे जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीच कंपनीच्या चाकरीत बटाव्हियाला आला, हिशेबनीस आणि व्यापारी म्हणून वर चढला, आणि १६९१ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांशी न पटल्याने चाकरीतून बाहेर पडून शेतीकडे वळला. केवळ व्यापारातून आणि मक्तेदारीतून टिकाऊ समृद्धी होणार नाही, माणसे वसवली पाहिजेत आणि जमीन कसली पाहिजे, असे त्याचे मत होते. बटाव्हियाच्या दक्षिणेस त्याने जमिनी घेतल्या, आणि १६९६ मध्ये चिलिवुंग नदीच्या काठची देपोकची जमीन घेतली. तिचे क्षेत्र सुमारे साडेबाराशे हेक्टर सांगितले जाते. तेथे लागवडीसाठी त्याने गुलाम आणले.

गुलामगिरी हा त्या नगराच्या जीवनाचा सर्वसामान्य भाग होता हे विसरून चालणार नाही. बटाव्हियाला येणारे गुलाम सतराव्या शतकात मोठ्या संख्येने बंगाल, कोरोमंडल आणि मलबार या आपल्याच देशाच्या किनाऱ्यांवरून नेले जात, आणि पुढे बाली व सुलावेसी या बेटांवरून. दुष्काळात स्वतःला किंवा मुलांना विकणारे आणि लढाईत पकडले गेलेले अशा माणसांची ती वाहतूक होती. त्यांतील काहींना धन्याच्या मर्जीने मुक्ती मिळे, आणि मुक्त झालेल्यांना ‘मार्देइकर’ म्हणत. ज्या संस्कृत ‘महर्द्धिक’ शब्दापासून हे नाव आले, त्याच शब्दापासून ‘मेर्देका’, म्हणजे स्वतंत्र, हा शब्द आला, आणि १९४५ मध्ये साऱ्या इंडोनेशियाच्या तोंडी तो रणघोष होऊन बसला. गुलामाच्या मुक्तीसाठी रूढ असलेला शब्द अखेर राष्ट्राच्या मुक्तीसाठी वापरला जावा, यात त्या भाषेची स्मृती किती खोल आहे ते दिसते.

शास्तेलेनने आपले मृत्युपत्र १७१४ च्या मार्चमध्ये केले, आणि त्याच वर्षी २८ जून रोजी तो वारला. त्या मृत्युपत्राने सुमारे दीडशे गुलाम मुक्त झाले, आणि देपोकची जमीन त्यांना आणि त्यांच्या संततीला सामाईक मिळाली. जमीन तुकडे करून विकायची नाही. अफू आणि जुगार यांना थारा द्यायचा नाही. ख्रिस्ती धर्माने एकमेकांशी बांधून राहायचे. आणि वनाचा एक भाग न तोडता राखायचा, असा त्या व्यवस्थेचा आशय होता. या समाजाची बारा कुळनावे आजही देपोकमध्ये सांगितली जातात: बाकास, इसाख, जोनाथान्स, याकोब, योसेफ, लुन, लॉरेन्स, लेआंदर, तोलेन्से, सुदिरा, सामुएल आणि सादोख. एका धनवंताने आपल्या उदारतेला धर्मप्रसाराचा हेतू जोडला होता, हे खरे. गुलाम विकत घेऊनच तो त्यांना मुक्त करण्याच्या स्थितीत आला होता, हेही खरे. तरीसुद्धा जमिनीची मालकी आणि जमिनीवरचे वास्तव्य या दोन गोष्टी त्या प्रदेशात क्वचितच एका हातात आल्या असतील, आणि देपोकमध्ये त्या आल्या, त्याही त्या प्रदेशातल्या सर्वांत दुबळ्या माणसांच्या हातात, ही घटना लहान नव्हे.

मृत्युपत्र लिहिणे सोपे आणि ते कायद्यासमोर टिकवणे कठीण. शास्तेलेनच्या कुटुंबाकडून आणि कंपनीच्या न्यायसंस्थेकडून अडथळे आले, आणि मुक्त केलेल्यांचा अधिकार निर्विवादपणे मान्य होण्यास एकोणिसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. त्यानंतर देपोकला स्वतःचे नियमपत्र आणि स्वतःचे पंचमंडळ मिळाले. त्याचा निवडून आलेला मुख्य ‘प्रेसिडेंट’ म्हणवला जाई. १८७३ मध्ये बटाव्हिया ते बोगोर हा लोहमार्ग सुरू झाला आणि देपोकला स्थानक मिळाले. १८७८ मध्ये येथे धर्मोपदेशकांचे विद्यालय निघाले, जे १९२६ पर्यंत चालले आणि ज्यात द्वीपसमूहाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येत. १९१७ मध्ये चिलिवुंगवर पानुस नावाचा पूल झाला. आणि १९३० पर्यंत बोगोरच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. महानगराशी जोडणारी वाट अशा रीतीने कोणत्याही घरबांधणी योजनेच्या पुष्कळ आधी तयार झाली होती. उपनगराच्या भूमीला जी किंमत येते ती बहुधा अशा सार्वजनिक कामांच्या पाठीवर बसून येते, आणि ती कामे करणारे मजूर मात्र त्या किमतीच्या वाटणीत कधी नसतात.

परंतु या सुखचित्राची दुसरी बाजू लपवून इतिहास सांगता येणार नाही. देपोकच्या शिवारात केवळ बारा कुळेच राहत नव्हती. सुंदानी आणि बेतावी शेतकऱ्यांची वस्ती त्यांच्याहून कितीतरी मोठी होती, आणि ते या सामाईक जमिनीचे खंडकरी होते. गुलामाचे वंशज अशा प्रकारे पिढ्यांनंतर भूस्वामी झाले. डच भाषा, डच पोशाख आणि चर्च यांमुळे शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते परक्यांच्या गोटातले ठरले, आणि ‘बलांदा देपोक’, म्हणजे देपोकचे डच, असे हिणवणारे नाव त्यांना चिकटले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्या कोलाहलात, ११ ऑक्टोबर रोजी, देपोकवर जमाव चालून आला. घरे लुटली गेली, माणसे मारली गेली, पुरुषांना बोगोरच्या तुरुंगात नेण्यात आले, आणि स्त्रिया व मुले एका इमारतीत कोंडली गेली. त्यांची सुटका ब्रिटिश-हिंदी फौजेतील गुरखा शिपायांनी केली. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तरुणांचेही रक्त याच परिसरात सांडले, आणि त्यांतील मार्गोंदा या तरुणाचे नाव आज देपोकच्या मुख्य रस्त्याला आहे. दोन्ही बाजूंच्या दुःखाचा आदर केल्यावाचून त्या महिन्याविषयी लिहिणे योग्य नव्हे. दस्तातले नाव आणि अंगणातली चूल एका समाजापुरती जुळली असली, तरी त्या समाजाच्या कुंपणाबाहेर ती जुळली नव्हती, आणि त्या विसंगतीची किंमत निरपराध कुटुंबांनी मोजली.

१९५२ मध्ये ही खासगी जमीन मोबदला घेऊन इंडोनेशियाच्या सरकारकडे देण्यात आली. चर्च, शाळा, दफनभूमी आणि काही मिळकती यांची व्यवस्था शास्तेलेनच्या नावाने स्थापलेल्या संस्थेकडे राहिली. १९५८ च्या पहिल्या कायद्याने देशातील उरलेल्या साऱ्या खासगी जमीनदाऱ्या खालसा केल्या. आणि २४ सप्टेंबर १९६० रोजी जमीनविषयक मूलभूत कायदा संमत झाला, ज्याच्यावर आजचा प्रत्येक दस्त उभा आहे. या कायद्याने वसाहतकालीन डच अधिकारांचा गोंधळ संपवला आणि जमिनीला सामाजिक कर्तव्य आहे असे स्पष्ट म्हटले. ‘हाक मिलिक’ हा पूर्ण अधिकार इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळतो, आणि कंपन्यांना तो सामान्यतः मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘हाक गुना बांगुनान’, म्हणजे इमारत बांधून वापरण्याचा तीस वर्षांचा आणि पुढे वीस वर्षे वाढवता येणारा अधिकार आहे. आणि परदेशी माणसाला नियमांच्या चौकटीत केवळ ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा अधिकार मिळतो. तेव्हा तेथे घर घेऊन राहण्याचा किंवा पैसा गुंतवण्याचा विचार करणाऱ्याने किंमत विचारण्यापूर्वी हा विचार केला पाहिजे की आपल्याला नक्की कोणता हक्क मिळणार आहे. भूस्वामित्व परक्यांच्या हाती गेल्याने काय होते हे ज्या राष्ट्राने तीनशे वर्षे सोसले, त्याने आपल्या कायद्याला असे कुंपण घातले तर त्यात नवल नाही.

कायदा झाला तरी खेड्यातले कागद जुनेच राहिले. शेतकऱ्याच्या पेटीत बहुधा ‘गिरिक’ असे; ती जमिनीच्या कराची नोंद, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. आपल्याकडेही सात-बारा हा मूळचा महसुलाचा उतारा, आणि त्यालाच मालकी समजणाऱ्यांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गिरिकची कहाणी वेगळी सांगावी लागणार नाही. एकाच तुकड्यावर दोन गिरिक निघणे, वडिलांच्या तोंडी व्यवहाराला मुलाने नाकारणे, नकाशावरचा ओढा जागेवर नाहीसा होणे, या गोष्टी शहर वाढू लागल्यावर वारंवार घडू लागल्या. म्हणून जाणती माणसे आजही सल्ला देतात की, साठेखतासारख्या करारावर विसंबू नये, जमिनीचे दस्त करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर खरेदीखत करावे, आणि जमीन कचेरीत प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याखेरीज बयाण्यापलीकडे पैसा देऊ नये.

देपोकच्या जीवनातील तिसरे पर्व १९७६ मध्ये सुरू झाले. जकार्त्याची वाढ आवरेना, तेव्हा भोवतीच्या प्रदेशाचा एकत्रित विचार करावा असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश त्याच वर्षी निघाला आणि जकार्ता, बोगोर, तांगेरांग, बेकासी या नावांच्या आद्याक्षरांतून ‘जाबोताबेक’ हा शब्द घडला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या पेरुमनास या सरकारी घरबांधणी मंडळाने आपल्या पहिल्या मोठ्या वसाहतींपैकी एक देपोकला उभी केली. घरे लहान होती. त्यांची ओळखच चौरस मीटरांच्या आकड्यांनी होई: एकवीसचे घर, छत्तीसचे घर, पंचेचाळीसचे घर. शासकीय बँकेने घरकर्जाची योजना सुरू केली आणि १९७६ च्या डिसेंबरमध्ये सेमारांग येथे देशातले पहिले असे कर्ज दिले गेले. कारकून, शिक्षक, शिपाई, परिचारिका अशा माणसांच्या हाती, दरमहा हप्ता भरून, आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाचा दस्त येऊ लागला. छत्तीस चौरस मीटरांच्या त्या घरांना पुढे त्यांनीच मागे स्वयंपाकघर जोडले, पुढे ओटा घातला, वर मजला चढवला. मुले वाढली तसे घर वाढले. शास्तेलेनने मृत्युपत्राने जे एका लहान समाजासाठी केले, ते येथे हप्त्याच्या वहीने हजारो कुटुंबांसाठी घडले: नाव आणि चूल पुन्हा एका छपराखाली आली.

१९८२ मध्ये देपोकला प्रशासकीय नगराचा दर्जा मिळाला, १९८७ मध्ये इंडोनेशिया विद्यापीठ जकार्त्यातून येथे सुमारे तीनशे हेक्टरांच्या विस्तीर्ण आवारात आले, आणि १९९९ मध्ये देपोक स्वतंत्र शहर झाले. विद्यापीठाबरोबर विद्यार्थी आले आणि विद्यार्थ्यांबरोबर ‘कोस’, म्हणजे भाड्याच्या खोल्या. मार्गोंदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून घरमालकांनी अंगणे बुजवून खोल्यांच्या रांगा बांधल्या. कामगारांसाठी ‘कोन्त्राकान’ निघाल्या, ज्यांत एका भिंतीला दुसरे बिऱ्हाड चिकटलेले असते आणि ज्या पाहिल्यावर मुंबईकराला चाळीच्या बैठ्या आवृत्तीची आठवण व्हावी. या खोल्यांनीच अनेक मूळच्या बेतावी कुटुंबांना तारले. ज्यांनी आपली वाडी एकदम विकली त्यांच्या हाती पैसा आला, हजची यात्रा झाली, लग्ने झाली, मोटारसायकली आल्या, आणि काही वर्षांनी ती कुटुंबे आणखी दक्षिणेकडे, स्वस्त जमिनीच्या शोधात, सरकली. ज्यांनी निम्मी वाडी राखून तिच्यावर चार खोल्या बांधल्या, त्यांचे नातू आजही त्याच गल्लीत राहतात. गुंतवणूक हा शब्द त्यांपैकी अनेकांनी कधी उच्चारला नसेल, पण आपल्या भूमीवर पाय ठेवून तिच्यातून उपजीविका काढणे याहून तिचा अधिक निरोगी प्रकार दाखवणे कठीण आहे.

याच सुमारास मोठे बांधकाम व्यावसायिक महानगराच्या भोवती पसरले. त्यांना ‘इजिन लोकासी’, म्हणजे स्थळपरवाना, मिळे; तो एकदा मिळाला की त्या हद्दीतील जमीन विकत घेण्याची मुभा व्यवहारतः त्या एकाच कंपनीला राही, आणि शेतकऱ्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून चढता भाव काढता येत नसे. गावोगाव दलाल फिरू लागले, ज्यांना पश्चिम जावात ‘बिओंग’ म्हणतात. पूर्वेला १९७८ मध्ये जकार्ता-बोगोर द्रुतगती मार्ग खुला झाला होता. आता जाहिराती पथकराच्या नाक्यापासूनची मिनिटे मोजू लागल्या आणि ‘बेबास बांजिर’, म्हणजे पुरापासून मुक्त, असे वचन देऊ लागल्या. एकच प्रवेशद्वार असलेल्या, पहारेकऱ्याच्या वसाहती निघाल्या. मग १९९७ चे आर्थिक संकट आले. वर्षाच्या मध्याला एका डॉलरला सुमारे अडीच हजार रुपियाह पडत; १९९८ च्या प्रारंभी तो भाव पंधरा हजारांच्या पलीकडे गेला आणि त्या वर्षात व्याजाचे दर साठ टक्क्यांपलीकडे चढले. परकीय कर्जावर उभारलेल्या योजना अर्ध्यावर थांबल्या, सांगाड्यांवर गवत उगवले, आणि ज्यांनी केवळ चढत्या भावाच्या भरवशावर दुसरे-तिसरे घर घेतले होते त्यांना हप्ते जड झाले. ज्या घरात कोणी राहत होते ते घर मात्र, भाव उतरले तरी, घरच राहिले. त्या वर्षाने शिकवलेला हा धडा आर्थिक तितकाच नैतिकही आहे.

संकट ओसरल्यावर बाजार पुन्हा चढला. मार्गोंदा रस्त्यावर मोठी दुकानसंकुले आणि उंच इमारती आल्या, ज्यांतील पुष्कळ सदनिकांचे मालक दुसरीकडे राहतात आणि विद्यार्थी भाडेकरू म्हणून येतात व पदवी घेऊन जातात. २०१८ पासून देपोक-अंतासारी मार्गाचे टप्पे खुले होऊ लागले, आणि २०२३ मध्ये हलक्या रेल्वेची गाडी शहराच्या पूर्व टोकापर्यंत पोहोचली. प्रत्येक नव्या मार्गाने भोवतीच्या जमिनीचा भाव चढवला. या गुंतवणुकीची निंदा करण्याचे कारण नाही. भाड्याचे घर बांधणारा नसेल तर परगावच्या विद्यार्थ्याने राहावे कोठे? परंतु जेव्हा एखाद्या इमारतीत मालकांपैकी कोणीच राहत नाही, तेव्हा गल्लीतील नाला कोणी उपसावा, शेजाऱ्याच्या म्हातारीची चौकशी कोणी करावी, झाड तोडले तर कोणी हरकत घ्यावी, असे प्रश्न अनाथ होतात. तुआन तानाह गेला तो कायद्याने. त्याची दूर राहून वसूल करण्याची रीत परत येऊ नये, याची दक्षता कायद्याला एकट्याने घेता येणार नाही.

आणि देपोकची जमीन तर केवळ देपोकची नाही. चिलिवुंग नदी डोंगरातून उतरते, देपोकमधून वाहते आणि जकार्त्याच्या मध्यातून समुद्राला मिळते. पानुस पुलाजवळ नदीच्या पाण्याची पातळी मोजली जाते आणि तो आकडा चढला की खालच्या महानगराला सावध केले जाते. देपोकमध्ये ‘सितु’ म्हणवणारी अनेक लहान तळी आहेत. पाऊस पडला की ती पाणी धरतात आणि सावकाश सोडतात. त्यांच्या काठांवर भराव घालून जेव्हा घरे बांधली जातात, आणि भातखाचरांच्या जागी सिमेंटची अंगणे येतात, तेव्हा जे पाणी पूर्वी मातीत मुरत असे ते नदीत धावते. पुरापासून मुक्त म्हणून विकलेली वरची वसाहत अशा रीतीने खालच्या वस्तीचा पूर वाढवते. तुकडा एकाच्या नावावर असतो. पाणी कोणाच्या नावावर चढत नाही.

शास्तेलेनच्या मृत्युपत्रातील जवळजवळ प्रत्येक कलम काळाने पुसले. अखंड ठेवायची जमीन लाखो दस्तांत विभागली गेली. बारा कुळांचे वंशज जगभर पांगले, जरी त्यांतील काही कुटुंबे अजून दरवर्षी २८ जूनला त्याचे स्मरण करतात. एक कलम मात्र उरले. न तोडता राखायला सांगितलेले ते वन १९१३ मध्ये देपोकच्या लोकांनी निसर्गरक्षणासाठी नुकत्याच स्थापन झालेल्या संस्थेच्या देखरेखीखाली दिले, आणि आज पांचोरान मास भागात, चहूबाजूंनी घरांनी वेढलेले, सहा-सात हेक्टरांचे ते रान उभे आहे. इंडोनेशियातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. भोवतीच्या प्रत्येक वीटभर जागेचा भाव झाला असताना त्या तुकड्याचा झाला नाही, याचे कारण त्याची मालकी भक्कम होती हे नव्हे. ती तर अनेकदा बदलली. पिढ्यामागून पिढ्या तिथल्या रहिवाशांनी तो आपला मानला, त्यावर हात टाकणाऱ्याला हटकले, म्हणून तो वाचला. भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी असो, हप्ता फेडणारा शिक्षक असो की दूरच्या शहरातून पैसा गुंतवणारा सदनिकाधारक असो, देपोकमध्ये जो कोणी जमिनीच्या दस्तावर सही करतो, त्याने सहीच्या आधी एकदा त्या रानाच्या कडेने फिरून यावे. आपण जे घेत आहोत त्याची किंमत कोणी घडवली, आणि आपण गेल्यावर ते कोणी सांभाळायचे, हे दोन्ही प्रश्न तिथल्या सावलीत अधिक स्पष्ट ऐकू येतात.